गाडी बंद पडते, पण नेमकी कधी?

सिग्नलला थांबले की इंजिन बंद पडते, सेल्फ मारला की पुन्हा चालू होते, आणि निघताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी रेस घेत नाही. अशी तक्रार घेऊन पेट्रोलची गाडी गॅरेजमध्ये गेली की पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी प्लग बदलतात, मग एअर फिल्टर, मग थ्रॉटल बॉडी साफ होते, मग इंजेक्टर, मग टाकीतला पंप. आणि एवढे करूनही गाडी ताळ्यावर आली नाही की कोणीतरी ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, गेल्याचे जाहीर करतो. यातला प्रत्येक भाग कुठल्या ना कुठल्या गाडीत खरोखर दोषी निघतो, म्हणूनच ही पद्धत टिकून आहे. मात्र हा क्रम समोरच्या गाडीच्या लक्षणांवरून ठरत नाही. हाताला काय सोपे आणि दुकानात काय तयार मिळते, यावरून ठरतो. माझे म्हणणे असे की, या दोषाच्या निदानात सर्वांत मोलाची माहिती गाडीच्या मालकाकडेच असते: इंजिन नेमके केव्हा आणि कोणत्या स्थितीत दगा देते. तेवढ्यावरून संशयितांची यादी निम्म्याहून खाली येते, उरलेल्यांचे मोजमाप करता येते, आणि भाग बदलायची पाळी त्यानंतर येते.

याचे कारण इंजिनाच्या कामातच आहे. पेट्रोल नीट जळायला एका ग्रॅममागे सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. आयडलिंगला, म्हणजे मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेऱ्यांवर, थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन अगदी थोड्या हवेवर तग धरून असते. अशा वेळी तडकलेल्या रबरी नळीतून शिरणारी चोरटी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते, मिश्रण बिघडते आणि इंजिन मान टाकते. तीच गळती घाट चढताना जाणवतही नाही, कारण आत येणाऱ्या हवेच्या लोंढ्यात तिचा वाटा तेव्हा नगण्य असतो. भाराखाली गरजा वेगळ्या असतात: पेट्रोल भरपूर लागते, ठिणगी जोरदार लागते, आणि जळलेला वायू तितक्याच वेगाने बाहेर पडावा लागतो. थकलेला पंप आयडलिंगपुरते पेट्रोल सहज पुरवतो आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की तोंडघशी पाडतो. म्हणजे थांबल्यावर बंद पडणारी गाडी आणि वेग न घेणारी गाडी यांचे संशयित बरेचसे वेगळे असतात. दोन्ही तक्रारी ‘गाडी त्रास देते’ एवढ्या एकाच वाक्यात सांगितल्या, की मिस्त्रीपुढे सगळेच इंजिन संशयित म्हणून उभे राहते.

थांबताना बंद पडण्याचा प्रकार आधी घेऊ, कारण आपल्याकडच्या रहदारीत तोच जास्त छळतो. थ्रॉटलच्या झडपेच्या कडेला जमणारी काजळी हा इथला पहिला संशयित, आणि ती साफ करायला नवा भाग लागत नाही, म्हणून सुरुवात तिथून करायला हरकत नाही. मात्र इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या अनेक गाड्यांत सफाईनंतर ईसीएमला झडपेची मिटलेली जागा नव्याने शिकवावी लागते. ते राहून गेले तर फेऱ्या वरखाली होत राहतात आणि सफाईनेच गाडी बिघडली असे वाटू लागते. यानंतरचा खरा प्रश्न म्हणजे, बंद पडण्याच्या क्षणी आणखी काय चालू होते? ब्रेकचे पेडल दाबताच फेऱ्या डळमळत असतील, तर ब्रेक बूस्टरचा पडदा किंवा त्याची नळी गळते का ते बघायचे. एसीचा कॉम्प्रेसर लागला की मान टाकत असेल, तर वाढलेला भार सांभाळायला हवा वाढवणारी यंत्रणा अपुरी पडते आहे. सुरू होऊन दोन सेकंदांतच आणि दर वेळी तसेच बंद पडत असेल, तर किल्लीचा दिवा पाहा. दोष इमोबिलायझरचा, म्हणजे चोरीविरोधी यंत्रणेचा, असू शकतो. फक्त सकाळच्या थंड इंजिनालाच त्रास असेल, तर कूलंटचे तापमान सांगणारा सेन्सर तपासायचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर जवळपास सारखे दिसले पाहिजे. एक २६ आणि दुसरे उणे ४० दाखवत असेल, तर वायर तुटली आहे किंवा सेन्सर गेला आहे. आणखी शोधाशोध नको.

यातली एक खूण तर हमखास चुकीच्या माणसावर आळ आणते. टाकी फुल्ल केली आणि पंपावरून निघताना इंजिन चालू व्हायला त्रास झाला, किंवा चालू होऊन बंद पडले, की चालक म्हणतो, पेट्रोलमध्ये भेसळ आहे. भेसळ किंवा पाणी असेल तर नव्या पेट्रोलचा त्रास पुढचे कित्येक किलोमीटर चालू राहतो. दोन-चार मिनिटांत सगळे सुरळीत होत असेल आणि पुढच्या वेळी दुसऱ्या पंपावरही तेच घडत असेल, तर दोष बहुधा पर्ज व्हॉल्व्हचा असतो. टाकीत साठणारी पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात आणि योग्य वेळी ती इंजिनात सोडतात. ते सोडण्याचे काम हा छोटा व्हॉल्व्ह करतो. तो उघडाच अडकला, की नुकत्याच भरलेल्या टाकीची वाफ नको त्या वेळी आत येते आणि मिश्रण घट्ट होते. त्याची इंजिनाकडे जाणारी नळी थोडा वेळ चिमटून धरली आणि आयडलिंग सुधारले, तर उत्तर मिळालेच.

हवेच्या गळतीचा संशय मात्र पक्का करायचा तो आकड्यांवरून. ईसीएम ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून पेट्रोल सतत थोडे वाढवत-घटवत असतो, आणि ही दुरुस्ती फ्युएल ट्रिम या नावाने स्कॅनरवर टक्क्यांत दिसते. अधिक-उणे १० पर्यंतचा आकडा सहसा चिंतेचा नसतो. आयडलिंगला तो अधिक २० आणि २,५०० फेऱ्यांवर अधिक ४ झाला, तर इंजिनात न मोजलेली हवा शिरते आहे. उलट आयडलिंगला ठीक आणि भाराखाली चढत गेला, तर पेट्रोल कमी पडते आहे, किंवा हवा मोजणारा सेन्सर आलेल्या हवेपेक्षा कमी हवा सांगतो आहे. इथे एक पथ्य पाळायला हवे. पहिला नियम, हवेचा प्रवाह थेट मोजणाऱ्या मॅफ सेन्सरच्या गाड्यांना नीट लागू पडतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेतात, म्हणजे त्यांत मॅप सेन्सर असतो. तिथे गळतीने दाब वाढतो, ईसीएम त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो, आणि गळतीची खूण म्हणून फेऱ्या नेहमीपेक्षा चढलेल्या दिसतात. आपली गाडी कुठल्या पद्धतीची आहे हे ठाऊक नसताना आकडे वाचले, तर तेच आकडे फसवतात. गळतीची जागा शोधायला धुराचे यंत्र सर्वांत चांगले. तापलेल्या इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून गळती शोधण्याची रीत अनेक गॅरेजांत आहे. ती आग लावू शकते, तेव्हा नको.

आता रेस न घेणारी गाडी. आधी एक खात्री करून घ्यावी: काही गाड्यांत, विशेषतः ऑटोमॅटिकमध्ये, उभ्या गाडीची कमाल रेस कंपनीनेच मर्यादित ठेवलेली असते. ‘न्यूट्रलमध्ये चार हजारांच्या वर जात नाही’ ही तक्रार त्यामुळे तक्रारच नसू शकते. चालत्या गाडीत, चेक इंजिनचा दिवा लागून फेऱ्या एका ठरावीक आकड्यावर अडत असतील, तर ईसीएमनेच इंजिनाला लगाम घातला आहे असे समजावे. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत पेडलमध्ये आणि थ्रॉटलमध्ये प्रत्येकी दोन सेन्सर असतात. त्यांचे एकमेकांशी पटले नाही, की सुरक्षिततेसाठी इंजिन कमी ताकदीवर चालवले जाते. अशा गाडीत पंप आणि फिल्टर बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. पण गाडी अडत नाही, नुसती दमते, झटके खाते आणि पाय सोडला की सावरते, असे असेल तर पेट्रोलचा दाब मोजावा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत तो ३ ते ४ बारच्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्यावा. हा दाब उभ्या गाडीत बघून भागत नाही, पाय दाबलेला असताना तो टिकतो का हे बघायचे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या टर्बो इंजिनांत मात्र उच्च दाबाच्या नळीला घरी हातही लावू नये.

दाब ठीक निघाला तर नजर मागे वळवावी. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळून तुंबला, की इंजिनाचा श्वास बाहेर पडत नाही, आणि मग आत येणाऱ्या हवेलाही जागा उरत नाही. हे ओळखायला व्हॅक्यूम गेज पुरतो. निरोगी इंजिन समुद्रसपाटीला आयडलिंगवर साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम दाखवते. रेस २,५०० वर स्थिर धरली आणि काटा वर येण्याऐवजी सावकाश घसरत गेला, तर वाट तुंबली आहे. उंचीचा हिशेब इथे विसरू नये. दर हजार फुटांना हा आकडा सुमारे एक इंचाने उतरतो. मुंबईत १९ दाखवणारे इंजिन पुण्यात १७ च्या आसपास आणि महाबळेश्वरला साडेचौदाच्या आसपास दाखवेल, आणि तरीही ते धडधाकट असेल. कन्व्हर्टर आपणहून क्वचितच तुंबतो, हेही लक्षात घ्यायला हवे. मिसिंग करणाऱ्या, म्हणजे मिश्रण नीट न पेटवणाऱ्या, सिलिंडरचे न जळलेले पेट्रोल त्याच्यात जाऊन पेटते आणि त्याची जाळी वितळते. मिसिंगचा बंदोबस्त न करता महागडा नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही त्याच वाटेने जाईल. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असलेल्या इंजिनात मिसिंगचा तपास जवळजवळ फुकट होतो: पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावायची. स्कॅनरवरचा दोषाचा कोड पी०३०१ (पहिला सिलिंडर) वरून पी०३०२ (दुसरा) झाला, तर कॉइल दोषी. जागच्या जागी राहिला, तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन या क्रमाने पुढे जायचे.

तिसरा प्रकार अगदी निराळा. धावत्या गाडीचे इंजिन एकाएकी, कोणी किल्ली फिरवल्यासारखे बंद होते. ना झटके, ना दमणे. मिश्रणाचे दोष असे तडकाफडकी वागत नाहीत, म्हणून इथे विजेच्या वाटा आधी तपासाव्यात: क्रँक सेन्सर, मुख्य रिले, इग्निशन स्विच, इंजिनाची अर्थिंगची पट्टी, आणि पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. गाडी गिअरमध्ये पुढे जात असताना इंजिन चाकांमुळे फिरतच असते. तरीही टॅकोमीटरचा काटा त्या क्षणी शून्यावर कोसळला, तर इंजिन फिरते आहे हे ईसीएमला कळतच नाही, म्हणजे क्रँक सेन्सरचा संकेत किंवा ईसीएमचा वीजपुरवठाच तुटला. क्रँक सेन्सर अनेकदा तापल्यावर बंद पडतो आणि अर्ध्या तासाने थंड झाला की शहाण्यासारखा चालू होतो. त्यामुळे गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी ठणठणीत असते आणि मालक खोटा ठरतो. तापलेला दोष तापलेला असतानाच पकडावा लागतो. बंद पडल्या पडल्या स्कॅनर लावून सेल्फ मारा. स्टार्टर फिरत असूनही फेऱ्यांचा आकडा शून्यच राहिला, तर तपास जवळजवळ संपला. अर्थिंगसाठी मल्टिमीटर पुरे: सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये.

महाराष्ट्रातल्या असंख्य गाडीवाल्यांकडे तपासाचे एक साधन आयतेच असते, आणि ते फारसे कोणी वापरत नाही. ते म्हणजे सीएनजीचे बटण. त्रास सीएनजीवर असताना पेट्रोलवर टाका. पेट्रोलवर गाडी सुरळीत चालली, तर हवेची मोठी गळती, तुंबलेला कन्व्हर्टर आणि क्रँक सेन्सर बहुतांशी सुटले. गॅसचा रेग्युलेटर, फिल्टर आणि गॅसचे इंजेक्टर उरले. दोन्हींवर सारखाच त्रास असेल, तर दोन्ही इंधने एकाच वेळी बिघडण्याचा योग दुर्मीळ, म्हणून दोष इंजिनाच्या सामाईक बाजूला शोधावा. एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. सीएनजीचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून झिजलेला प्लग किंवा दुबळी कॉइल आधी सीएनजीवरच उघडी पडते. ‘फक्त गॅसवर मिसिंग’ म्हणजे गॅसकिटच खराब, असा निवाडा त्यामुळे प्लग तपासल्याशिवाय देऊ नये. आणि फक्त पेट्रोलवरच त्रास असेल, तर महिनोन्‌महिने तळाशी ठेवलेले शिळे पेट्रोल आठवावे. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, तळाशी दोन लिटर ठेवून तो फार जगत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्कॅनरचा. एप्रिल २०१३ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांत ओबीडी-२ ही दोष कोडच्या रूपात नोंदवणारी प्रणाली आली. मग कोड वाचला की झाले, मालकाच्या कहाणीची गरज काय? गरज अशी की कोड परिणाम सांगतो. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ आहे, इतकेच. ते फुटक्या नळीने झाले, थकलेल्या पंपाने, की घाणेरड्या मॅफ सेन्सरने, हे त्यात लिहिलेले नसते. हा कोड वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे खरे बोलणाऱ्या साक्षीदारालाच तुरुंगात टाकणे. कोडबरोबर साठवलेली एक गोष्ट मात्र फार उपयोगाची: कोड पडला त्या क्षणीच्या फेऱ्या, वेग, भार आणि तापमान यांची नोंद, जिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. म्हणजे यंत्रसुद्धा ‘केव्हा’ हाच प्रश्न नोंदवून ठेवते. कोड पुसल्यावर ही नोंदही जाते, म्हणून पुसण्याआधी तिचा फोटो काढून ठेवावा.

दुसरा आक्षेप सध्या जोरात आहे: सगळा दोष इथेनॉलचा. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने अशा इंधनाला एका ग्रॅममागे सुमारे १३.५ ग्रॅम हवा पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला निव्वळ पेट्रोलपेक्षा साधारण नऊ टक्के जास्त इंधन लागते. १० टक्के मिश्रणाशी तुलना केली तर फरक चार टक्क्यांच्या आसपास. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या निरोगी गाडीत ही दुरुस्ती ट्रिमच्या मर्यादेत सहज मावते. पण ज्या गाडीत गळतीमुळे ट्रिम आधीच अधिक १६ वर होता, ती या चार टक्क्यांनी काठावर येते आणि बंद पडू लागते. मालकाला ते इंधनाचे काम वाटते, आणि ते पुरते खोटेही नाही; दुरुस्त मात्र गळतीच करायची असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांच्यावरचा परिणाम, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते ही गोष्ट, या चिंता खऱ्या आहेत. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह तळाशी उतरते, आणि पंप पेट्रोल ओढतो तो तळातूनच. कार्बोरेटरच्या गाड्यांना तर ट्रिमच नसतो. त्यांचे जेटिंग हाताने बघावे लागते. इंधनावर ठपका ठेवण्याआधी ट्रिमचा आकडा पाहावा, एवढेच म्हणणे आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि त्यात तथ्य आहे. तासभर मजुरी देऊन तपासण्यापेक्षा स्वस्त भाग बदलून बघणे परवडते, असे मिस्त्री म्हणतो. प्लगची आणि एअर फिल्टरची मुदत किलोमीटरनुसार संपलीच असेल, तर ते बदलावेत. ती देखभाल आहे, तिला निदान समजू नये. पुढच्या भागांना हा युक्तिवाद लागू होत नाही, आणि त्याचे एक कारण सहसा नजरेतून सुटते. भाग बदलताना बॅटरीची वायर काढली, की बऱ्याच गाड्यांत ईसीएमने शिकलेले ट्रिम पुसले जातात. गाडी दोन-तीन दिवस बरी चालते, श्रेय नव्या भागाला मिळते, आणि ट्रिम पुन्हा जुन्या जागी पोचले की दुखणे परत येते. एकाच वेळी तीन भाग बदलले तर गुण कशाने आला हेही कळत नाही. अनुभवी मिस्त्रीच्या कानाला आणि हाताला पर्याय नाही. कोणत्या मॉडेलचे कोणते दुखणे, हे त्याला पुस्तकापेक्षा चांगले ठाऊक असते. ते ज्ञान कोणती चाचणी आधी करायची हे ठरवायला वापरावे.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलेच, तर ब्रेकला बूस्टरची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते आणि स्टिअरिंग जड होते. पेडल पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच ठाम दाबून ठेवावे, किल्ली काढू नये, धोक्याचे दिवे लावून डाव्या कडेला यावे. धावताना एकाएकी बंद पडणारी गाडी तपास होईपर्यंत घाटात किंवा द्रुतगती मार्गावर नेऊच नये. आणि गॅरेजमध्ये देताना जॉब कार्डवर ‘पिकअप नाही, चेक करणे’ एवढेच लिहू देऊ नका. इंजिन थंड की गरम, थांबताना की धावताना, कोणत्या इंधनावर, ब्रेक किंवा एसी चालू होता का, टाकी नुकतीच भरली होती का, टॅकोचा काटा कसा पडला, हे स्वतः लिहा. भाग बदलण्याआधी त्याचा मोजलेला आकडा मागा, आणि बदललेला जुना भाग परत घ्या.